बेसबॉल खेळणारी मुलं : सराव वेगळा आणि मनाची तयारी वेगळी असते का?

तिसरा बेस

मुलांना बेसबॉल शिकवणाऱ्या प्रत्येकाला पालकांचे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "सरावात इतकं छान मारतो, मग मॅचमध्ये त्याला होतं तरी काय?" दुसरा, "त्याच्या मनाची तयारी कशी करून घ्यायची?" दुसऱ्या प्रश्नावर मग एखादं जोरदार भाषण होतं, एखादा व्हिडिओ दाखवला जातो, 'आत्मविश्वास ठेव' असं सांगितलं जातं. नऊ ते चौदा वयाच्या मुलांना बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत पक्कं झालंय की हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. मुलाचं मन सरावाच्या आखणीत घडतं. आखणी चुकली असेल तर भाषणाने ती कसर भरून निघत नाही.

नेहमीचा फलंदाजीचा सराव डोळ्यांसमोर आणा. एक मूल बॅट घेऊन उभं असतं. मोठं माणूस त्याला आवडेल त्या उंचीवर, एकाच वेगाने, चेंडूमागून चेंडू टाकत असतं. मूल सगळे मारतं. बाकीची मुलं मागे उभी राहून गवत उपटत असतात. या सगळ्या वेळात त्या मुलाला एकदाही ठरवावं लागत नाही की हा चेंडू मारायचा की सोडायचा. एखादा चेंडू हुकला तरी काहीच बिघडत नाही, पुढचा लगेच येतोच. ठरवणं, चुकणं आणि चुकल्यावर पुन्हा उभं राहणं या तिन्ही गोष्टी त्याला थेट मॅचमध्ये भेटतात. आणि आपण म्हणतो, मनाने कच्चा आहे.

ठरवायला वेळ किती मिळतो तेही बघा. लिटल लीग या मुलांच्या संघटनेच्या, बारा वर्षांपर्यंतच्या मैदानावर पिचर (चेंडू टाकणारा) प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेपासून, ४६ फुटांवर असतो. तिथून ताशी ६० मैलांनी आलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर पोचतो. मोठ्यांच्या मैदानात अंतर ६० फूट ६ इंच, पण वेग ९० मैल धरला तर वेळ जवळपास ०.४ सेकंद. म्हणजे बारा वर्षांच्या मुलावर वेळेचा ताण मोठ्यांपेक्षा फार कमी नसतो. एवढ्या वेळात विचार करून निर्णय होत नाही. डोळ्यांना आधीच सवय लागलेली असावी लागते.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक सरावात एक फेरी नुसती बघायची असते. बॅटर खऱ्या पवित्र्यात उभा राहतो, पाऊलही टाकतो, पण बॅट फिरवत नाही. चेंडू प्लेटवर पोचायच्या आत मोठ्याने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, एवढंच काम. कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) सांगतो बरोबर की चूक. सुरुवातीला मुलं चेंडू ग्लोव्हमध्ये गेल्यावर 'हो' म्हणतात. हळूहळू तो आवाज अलीकडे सरकायला लागतो, आणि तुम्हाला कानांनी कळतं की या मुलाला चेंडू लवकर दिसायला लागलाय. त्यानंतरच्या फेरीत 'हो' म्हणाल तर मारायचं. मग परिस्थिती देतो : दोन स्ट्राइक (मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा फटका हुकला की स्ट्राइक, तीन झाले की आउट), एक बॉल (मारण्याजोगा नसलेला, सोडून दिलेला चेंडू), तिसऱ्या बेसवर रनर, एक आउट. हुकलात तर बाहेर, पुढचा बॅटर. या शेवटच्या फेरीत मुलांचे चेहरे बदलतात. सराव म्हणतो तो हा.

चुकण्याबद्दलही बोलायला हवं. या खेळात .३०० सरासरी, म्हणजे दहापैकी तीन वेळा हिट (बेस मिळवून देणारा फटका), असली की तो उत्तम बॅटर. अमेरिकेतल्या टेड विल्यम्सने १९४१ चा मोसम .४०६ सरासरीने गाजवला, तरी त्या मोसमातही दहापैकी जवळपास सहा वेळा त्याला हिट मिळाला नाही. मुलांना हे आकडे सांगून उपयोग असतो, पण थोडाच. 'दहातून सात वेळा चुकलं तरी चालतं' हे दहा वर्षांच्या मुलाला डोक्याने कळतं, स्ट्राइकआउट होऊन परत येताना पोटात पडणारा खड्डा त्याने भरत नाही. त्यासाठी काहीतरी करायला लागतं, हातांनी, शरीराने. ते काय असावं यावर इथल्या अनुभवी मंडळींचं ऐकायचंय. शिवाय खांदा-कोपराची काळजी, पालकांनी काय बोलावं, काय बोलू नये, सगळंच या धाग्यात येऊ द्या.

राइट फील्ड

फार गरजेचा धागा. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, संघात बाकी सगळे मुलगे. स्ट्राइकआउट झाली की रडते. एकदा रडू आलं की पुढच्या इनिंगमध्ये मैदानात उभी असते, पण तिथे नसते. प्रशिक्षक म्हणतात रडणं बंद कर. मला तसं सांगायला जमत नाही. काय करावं?

शिवाय तिला कायम राइट फील्डला (मैदानात लांब, पहिल्या बेसच्या बाजूला) उभं करतात. तिथे चेंडू येतच नाही, म्हणून सराव करायचा कंटाळा येतो असं ती म्हणते.

होमप्लेट

@राइट फील्ड, रडणं बंद करायला सांगू नका. रडू थांबवणं तिच्या हातात नाही. रडून झाल्यावर काय करायचं ते मात्र तिच्या हातात देता येतं.

क्रीडा मानसशास्त्रज्ञ केन रविझा यांनी अमेरिकेत विद्यापीठांपासून व्यावसायिक संघांपर्यंत अनेकांबरोबर काम केलं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या विद्यापीठ संघासोबत काम करताना डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) खेळण्यातलं छोटं कमोड ठेवलेलं असायचं. वाईट खेळी झाली की खेळाडूने येऊन ते फ्लश करायचं. ऐकायला पोरकट वाटेल, पण त्यात खोल समज आहे : 'विसर' असं सांगून कोणी विसरत नाही, पण हाताने एक ठरलेली कृती केली की ती गोष्ट संपल्याची खूण शरीराला मिळते.

लहान मुलांसाठी याहून साधं काही पुरतं. आमच्या संघातली मुलं बॅटिंग ग्लोव्हचा पट्टा वापरतात. आउट होऊन येताना पट्टा सोडायचा. पट्टा सुटा आहे तोवर रागवा, रडा, कुणाशी बोलू नका, सगळं चालेल. हेल्मेट जागेवर ठेवायचं (फेकायचं नाही, हा नियम आहे). मैदानात जायला फिल्डिंगचा ग्लोव्ह हातात घातला की तो अॅट-बॅट (बॅटिंगची ती पाळी) संपला. ही कृती मुलाने स्वतः निवडलेली असावी. एक जण टोपीच्या आत लिहिलेला शब्द वाचतो, एक जण मूठभर माती उचलून टाकतो. आणि हे सरावातही करायला लावा, प्रत्येक वेळी. फक्त मॅचमध्ये करायची गोष्ट म्हणून ठेवलीत तर ऐन वेळी आठवणार नाही.

राइट फील्डबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या जागेवर फार अन्याय होतो. इनफिल्डमधून (बेसजवळच्या भागातून) पहिल्या बेसकडे जाणाऱ्या प्रत्येक थ्रोच्या वेळी राइट फील्डरने फाउल लाइनच्या (मैदानाच्या बाजूच्या रेषेच्या) दिशेने पळत जाऊन पहिल्या बेसच्या मागे आधार द्यायचा असतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. लहान मुलांच्या मॅचमध्ये शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाचा) थ्रो वाकडा जाणं ही रोजची गोष्ट आहे. मागे कोणी नसेल तर बॅटर दुसऱ्या, कधी तिसऱ्या बेसवर. कोणी असेल तर तो पहिल्यावरच थांबतो. तुमच्या मुलीला सांगा, आपल्याकडे किती चेंडू आले ते मोजू नकोस, आपण किती वेळा पळालो ते मोज. जी मुलगी तिथे दर वेळी पळते तिच्याकडे प्रशिक्षकाचं लक्ष जातंच.

जुना कॅचर

चर्चा छान आहे, पण मला एक खटकतंय. आपण मुलांना फार जपायला लागलोय. पिच (पिचरने टाकलेले चेंडू) मोजा, विश्रांती द्या, भावना सांभाळा. कणखरपणा येणार कुठून? १९९८ च्या जपानी उन्हाळी शालेय स्पर्धेत, कोशिएनमध्ये, दाइसुके मात्सुझाकाने उपांत्यपूर्व सामन्यात १७ इनिंग्ज आणि २५० पिच टाकले. पुढे तो मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) गेला, तिची अंतिम मालिका म्हणजे वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात होता. त्या पोराला कोणी 'थांब, मोजतोय' म्हटलं असतं तर?

मी स्वतः शालेय वयात रोज टाकायचो, रोज कॅच करायचो. थकवा आल्यावर पुढे जाण्याची सवय तिथेच लागली.

खांदा-कोपर

@जुना कॅचर, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि फेकणारे खेळाडू हेच माझं काम आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. राग मानू नका.

मात्सुझाकाचं उदाहरण पूर्ण करूया. २०११ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (दुखावलेल्या स्नायुबंधाच्या जागी दुसरा बसवण्याची) झाली. ती २५० पिचमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, तेरा वर्षांचं अंतर आहे आणि एका माणसावरून असा निष्कर्ष निघत नाही. पण मग एका माणसावरून उलटा निष्कर्षही निघत नाही. जे पंधराव्या वर्षीच थांबले त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नसतात. आणि ज्या जपानचं उदाहरण तुम्ही दिलंत, तिथल्याच शालेय बेसबॉल महासंघाने २०२० पासून एका पिचरला आठवड्याला ५०० पिचची मर्यादा घातली. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच हा बदल केलाय.

आता मुलांच्या कोपराबद्दल. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. मोठ्या माणसात अति ताण आला की लिगामेंट (हाडं जोडणारा स्नायुबंध) दुखावतं. मुलांमध्ये लिगामेंटपेक्षा हा थर कमकुवत असतो, म्हणून आधी तोच ओढला जातो. कोपराच्या आतल्या बाजूला, शरीराकडच्या उंचवट्यावर बोट ठेवलं की दुखतं. हे दुखणं म्हणजे स्नायू ताठरले असं समजून मलम चोळू नका. फेकणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळी देऊन पिचिंगला उभं करणं तर अजिबात नको. दुखणं हाच आपल्या हातातला एकमेव इशारा असतो, तोच आपण पुसून टाकतो.

आकडे देते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात एका दिवसाची मर्यादा ९-१० वयाला ७५ पिच, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५ अशी आहे. चौदापर्यंतच्या मुलांनी २१ ते ३५ पिच टाकले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ च्या वर चार दिवस. वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. ही मर्यादा म्हणजे गाठायचं लक्ष्य नव्हे. मूल चाळीसाव्या पिचला थकलं तर त्या दिवशीची त्याची मर्यादा चाळीसच.

आणि जुना कॅचर, तुमच्या 'थकवा आल्यावर पुढे जाण्याच्या' मुद्द्यावरच नेमका अभ्यास आहे. अमेरिकेतल्या २००६ च्या एका संशोधनात शस्त्रक्रिया झालेल्या किशोरवयीन पिचर्सची तुलना दुखापत नसलेल्यांशी केली. हात थकलेला असताना नियमित पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये पाच पट. बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा थकवा भारी पडला. धावताना, स्क्वॉट मारताना, ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) घेताना थकव्याच्या पुढे जायला खुशाल शिकवा. पिचिंगमध्ये नको.

थकवा ओळखायचा कसा? मुलाला विचारू नका, ते 'ठीक आहे' म्हणणार. बघा. फेकताना कोपर खांद्याच्या रेषेखाली यायला लागतं. चेंडू वर राहायला लागतात. शेवटी पाठ वाकायची थांबते, मूल ताठ उभ्या उभ्याच फेक संपवतं. दोन पिचमधला वेळ वाढतो, हात झटकला जातो, टोपी उगाच सारखी केली जाते. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की बदला.

जुना कॅचर

राग कसला, समजावून सांगितलंत ते बरं झालं. आठवड्याला ५०० च्या नियमाची मला कल्पना होती, पण आतापर्यंत तो नियम म्हणजे नव्या पिढीची नाजूक तब्येत असंच धरून चाललो होतो. कूर्चेची गोष्ट पटली.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. मुलांकडून काहीतरी कठीण मागायला हवं. ते हातातून मागायचं नसेल तर कुठून मागायचं ते सांगा.

तिसरा बेस

@जुना कॅचर, हा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे, आणि तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे की मागायला हवं. लक्ष मागा. प्रत्येक पिचला, प्रत्येक खेळाडूकडून.

आमच्या सराव सामन्यात मी मध्येच, पिचर रबरवर (चेंडू टाकायच्या पट्टीवर) उभा असताना, कुणा एकाचं नाव घेतो आणि विचारतो, "चेंडू तुझ्याकडे आला तर?" दुसऱ्या बेसवरच्या मुलाने ताबडतोब सांगायचं : "पहिल्या बेसवर रनर, एक आउट, ग्राउंडर माझ्या उजवीकडे आला तर शॉर्टस्टॉपकडे, हळू आला तर पहिल्या बेसला खात्रीचा एक." अडखळला तर काही शिक्षा नाही, फक्त पुढच्या पिचला पुन्हा त्यालाच विचारतो. पिच येत असताना दोन छोटी पावलं पुढे, वजन पंजांवर, ग्लोव्ह उघडा. हे दीड तास सलग करून बघा. मुलं घामाघूम होण्याआधी डोक्याने थकतात. जी मुलं शेवटच्या इनिंगमध्येही पहिल्या इनिंगसारखं उत्तर देतात ती कणखर. यात कोणाचं कोपर जात नाही.

पिचरकडून दुसरी गोष्ट मागतो. लागोपाठ दोन वॉक दिले (चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो), बेसवर दोघे, बॅटर तयार. अशा वेळी मूल घाई करतं, अपमान लवकर संपावा म्हणून पटापट टाकतं. त्याला शिकवलंय : रबरवरून मागे उतर. पाठ प्लेटकडे. चेंडू दोन्ही तळव्यांत चोळ. फाउल पोलच्या (बाजूच्या रेषेवरच्या उंच खांबाच्या) टोकाकडे बघ आणि श्वास पूर्ण सोड, घेण्याकडे लक्ष नको, सोडण्याकडे. मग वळ, कॅचरचा ग्लोव्ह शोध, आणि ग्लोव्ह दिसल्यावरच रबरवर पाय ठेव. बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) प्रत्येक पाचव्या पिचनंतर हे करवून घेतो, सगळं सुरळीत चालू असतानाही. ताणाखाली माणूस नवीन काही करू शकत नाही, अंगवळणी पडलेलंच बाहेर येतं.

डावखुरा

वाचतोय. एक शंका. माझा मुलगा दहा वर्षांचा, चेंडूला घाबरतो. एकदा पाठीवर लागला, तेव्हापासून पिच यायच्या आधीच मागचा पाय बॉक्सच्या (बॅटरने उभं राहायच्या चौकटीच्या) बाहेर पडतो. तांत्रिक चूक म्हणून सगळे सुधारायला बघतात, पण ती भीती आहे हे मला दिसतंय.

होमप्लेट

@डावखुरा, बरोबर ओळखलंत. 'घाबरू नकोस' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे, कारण चेंडू लागणं खरोखर दुखतं आणि मुलाला ते माहीत आहे. त्याला चेंडू अंगावर घ्यायला शिकवा. टेनिस बॉल घ्या, जवळून हळू, मुद्दाम अंगाकडे टाका. पुढचा खांदा आत, कॅचरच्या दिशेने वळवायचा, हनुवटी छातीशी, बॅट खाली, चेंडू पाठीच्या मांसल भागावर. बहुतेक मुलं उलटं करतात, पिचरकडे छाती उघडून मागे झुकतात, आणि तेच धोक्याचं. वळणं जमलं की ती हसायला लागतात, मग मुद्दाम 'मला मारा' म्हणतात. त्यानंतर मऊ सरावाचा चेंडू, मग खरा. पाय आपोआप बॉक्समध्ये राहतो, कारण आता काय करायचं ते शरीराला माहीत असतं. हेल्मेटबाबत मात्र तडजोड नको, टी वर (चेंडू ठेवून मारायच्या स्टँडवर) मारतानासुद्धा.

टी वरून आठवलं. टी म्हणजे लहान मुलांचं खेळणं असा समज आहे, तो सोडा. मोठे व्यावसायिक बॅटरही रोज टी वर मारतात. चेंडू शरीराच्या अगदी जवळचा असेल तर टी पुढच्या पायाच्याही थोडी पुढे, बाहेरचा असेल तर मागे, पोटाच्या रेषेत. मुलं टी एकाच जागी ठेवतात, आणि मग प्रत्येक पिच एकाच ठिकाणी गाठायला बघतात. जाळीवर चेंडू कुठे आदळतो ते बघायला शिकवा. बाहेरचा चेंडू विरुद्ध बाजूच्या जाळीवर सरळ रेषेत लागला तर प्रशिक्षकाने काही बोलायची गरज नसते.

लाँग ऑन

मी क्रिकेटमधून इकडे आलो. क्रिकेट खेळलेल्या मुलांचं एक वैशिष्ट्य सांगतो : हात मऊ असतात, उंच झेल सहज घेतात. पण बॅट घेतली की विकेट वाचवायला जातात. इथे वाचवायला काही नाही, आणि चांगला चेंडू सोडणं ही शालीनता नाही, तो स्ट्राइक आहे. तिसरा बेस यांनी सांगितलेली 'हो-नाही' फेरी अशा मुलांना फार उपयोगी पडेल.

स्कोअरबुक

मी स्कोअर लिहितो, म्हणून दुसऱ्या बाजूने येतो. आपण काय लिहितो त्यावर मुलं काय महत्त्वाचं मानतात ते ठरतं. स्कोअरबुकात फक्त हिट, आउट, एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) असतील तर मुलाला त्याचा दिवस तेवढाच वाटणार. आम्ही बाजूला दुसरी वही ठेवतो. त्यात कडक मारला पण झेल गेला तर खूण. दोन स्ट्राइकवरून फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारत पिचरला सहा-सात पिच टाकायला लावले तर खूण. थ्रोच्या मागे आधाराला पळाला तर खूण. मॅच संपल्यावर मुलं आधी ती वही मागतात.

एरर या शब्दाची मुलांना फार भीती असते. डेरेक जीटर १९९३ मध्ये ग्रीन्सबरोच्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पातळीच्या) संघात शॉर्टस्टॉपला खेळत होता, त्या एका मोसमात त्याच्या नावावर ५६ एरर लागले. पुढे त्याला पाच गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) मिळाले. मधल्या काळात त्याला हलवलं नाही, त्याच जागी ठेवलं, ग्राउंडर घ्यायला लावले. एरर झाल्यावर मुलाला जागेवरून काढणाऱ्या प्रशिक्षकांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. एकदा का मुलाला कळलं की चूक झाली तर काढतात, की ते कठीण चेंडूकडे जायचंच सोडून देतं. न गेलेल्या चेंडूवर एरर लागत नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

उंचीची चिंता करणाऱ्या पालकांसाठी होसे अल्तुवे. उंची ५ फूट ६ इंच. व्हेनेझुएलातल्या निवड चाचणीत त्याला परत पाठवलं होतं, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाला. २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

जपानी खेळाडू शोहेई ओहतानीचा तक्ता बऱ्याच जणांनी पाहिला असेल. शाळेत असताना नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ चौकटींचा कागद त्याने भरला होता. मधोमध ध्येय : आठ संघांनी ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिली पसंती द्यावी. भोवती आठ विषय, त्यात एक चेंडूचा वेग, ताशी १६० किलोमीटर (२०१२ मध्ये, शाळेत असतानाच, त्याने तो गाठला). पण मला त्यातला सगळ्यात मोलाचा भाग 'नशीब' या विषयाखालचा वाटतो. तिथे त्याने लिहिलं होतं : कचरा उचलणं, खोली साफ ठेवणं, साहित्य जपणं, अंपायरशी नीट वागणं, नमस्कार करणं. नशिबाच्या चौकटीतही त्याने स्वतःच्या हातातल्या गोष्टीच लिहिल्या. मुलांकडून असा तक्ता भरून घ्या, पण मोठ्यांनी त्यांच्यासाठी भरू नका. दहा वर्षांच्या मुलाला ८१ चौकटी जड होतात, नऊ पुरेत.

राइट फील्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. आधाराला पळण्याची गोष्ट मुलीला सांगितली. तिने कागदावर मैदान काढून मला विचारलं, "म्हणजे थ्रो दुसऱ्या बेसला गेला तर मी कुठे जायचं?" मला उत्तर देता आलं नाही, ते प्रशिक्षकांना विचारायचं तिने ठरवलंय. 😊

मॅचनंतर गाडीत काय बोलावं यावर कोणी लिहाल का? मी गप्प बसले तर तिला वाटतं मी नाराज आहे. बोलले तर भांडण.

खांदा-कोपर

@राइट फील्ड, पालक म्हणून उत्तर देते. पहिला विषय तिला काढू द्या, तो बेसबॉलचा नसला तरी. आणि विचारायचंच असेल तर निकालाचं विचारू नका, तिने बघितलेल्या गोष्टीचं विचारा. "त्यांच्या पिचरचा कुठला चेंडू तुला सगळ्यात नीट दिसला?" या प्रश्नाला हार-जीत नसते, आणि उत्तर देताना मूल तो अॅट-बॅट पुन्हा शांतपणे पाहतं. स्ट्राइकआउट झाला असेल तरी. तुमच्या मुलीला मोने डेव्हिसच्या मॅचचे व्हिडिओही दाखवा. २०१४ च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये तेरा वर्षांच्या त्या मुलीने शटआउट (एकही धाव न देता पूर्ण सामना) टाकला, त्या स्पर्धेत असं करणारी ती पहिली मुलगी. धावा निघाल्या नाहीत हे सोडा, दोन पिचच्या मध्ये ती किती शांत असते ते बघायला सांगा.

डावखुरा

आणखी एक विचारून घेतो. मोठा मुलगा तेरा वर्षांचा, दोन संघांतून पिचिंग करतो, एका संघात कॅचरही आहे. दोन्ही प्रशिक्षक आपापले पिच मोजतात, नियम पाळतात. तो कर्व्हबॉल (हवेत वळणारा चेंडू) शिकायच्या मागे लागलाय. हिवाळ्यातही खास पिचिंग वर्ग लावावा का?

खांदा-कोपर

नको. आणि त्याआधी दोन संघांचं बघा. दोन्ही प्रशिक्षक प्रामाणिक आहेत, पण कोपर एकच आहे. शनिवारी एका संघासाठी ६० आणि रविवारी दुसऱ्यासाठी ५० टाकले तर दोन्ही वह्यांत सगळं नियमात दिसेल, आणि मुलगा मात्र जिथे तीन दिवस विश्रांती हवी होती तिथे एक रात्र झोपून पुन्हा उभा राहिला असेल. मोजणी घरी ठेवा, एका वहीत, दोन्ही संघांची मिळून, आणि ती दोन्ही प्रशिक्षकांना दाखवा. पिचिंग करतो त्या दिवशी कॅचिंग नको. पिचरच्या खालोखाल सर्वात जास्त फेकणारा कॅचरच असतो.

कर्व्हबद्दल : आधी फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू) हवा तिथे पडू दे, मग चेंजअप (तसाच दिसणारा, पण हळू येणारा). चेंजअपला पकड बदलते, हाताचा वेग तोच राहतो, आणि मुलांच्या पातळीवर बॅटरला चकवायला तो पुरून उरतो. 'पिच स्मार्ट'मध्येही तेरा-चौदाला ब्रेकिंग बॉल (कर्व्हसारखे वळणारे चेंडू) याच अटीवर आहे.

हिवाळ्यात त्याला दुसरा कुठलाही खेळ खेळू दे, पळण्याचा असेल तर उत्तम. जॉन स्मोल्ट्झ हा टॉमी जॉन शस्त्रक्रिया होऊन हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान-यादीत) गेलेला पहिला पिचर. २०१५ च्या तिथल्या भाषणात त्याने पालकांना हेच कळकळीने सांगितलं की बेसबॉल बारमाही खेळ नाही, मुलांना इतर खेळ खेळू द्या. शस्त्रक्रिया झाली की वेग वाढतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परत यायला वर्षभर किंवा जास्त लागतं, आणि वाढलेला वेग दिसला तर तो त्या वर्षभरात केलेल्या व्यायामाचा असतो.

तिसरा बेस

@डावखुरा, वर लिहिलंय त्यात एकच भर. दोनपैकी एक संघ सोडायचा ठरला तर कुठला ते मुलाला ठरवू द्या, आणि दुसऱ्या प्रशिक्षकांना तुमच्या सोबतीने त्यालाच सांगू द्या. पिचिंग बंद असलेल्या महिन्यांत बॅट बंद ठेवायची गरज नाही : टी, 'हो-नाही' फेरी, ग्राउंडर हाताने लोटून परत देणं, पायांचा आणि पोटाचा व्यायाम. सुट्टी संपल्यावर थेट माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभं करू नका. आधी सपाट जमिनीवर जवळून हलकं फेकणं, एक दिवसाआड, अंतर आठवड्यागणिक वाढवत. माउंड त्यानंतर, आणि सुरुवातीला फक्त फास्टबॉल, ताकद राखून.

@राइट फील्ड, थ्रो उजव्या बाजूने, पहिल्या बेसकडून दुसऱ्या बेसला जात असेल तर डावीकडे लेफ्ट फील्डर आणि सेंटर आधाराला असतात. ती उजव्या बाजूला चेंडू अडवण्यासाठी आत यायला तयार राहते. थ्रो तिसऱ्या बेसकडून दुसऱ्याला येत असेल, तर मात्र बेसच्या मागची ती सरळ रेषा तिचीच. तिने काढलेल्या मैदानावर दोन्ही बाण काढून बघायला सांगा.